विनोबांच्या हातातली टकळी सातवीच्या पोरांना बल आणि गती शिकवू शकते, ती कशी?

सहावीच्या विज्ञानात बल व बलाचे प्रकार असतात. सातवीत गती, बल व कार्य हा धडा येतो. आठवीत बल व दाब आणि नववीत न्यूटनचे गतीचे नियम. म्हणजे सलग चार वर्षं पोरं बल आणि गतीच शिकत असतात.

तरीही गंमत बघा. घर्षणाची व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या पोराला विचारा, की पायडल मारणं बंद केलं तरी सायकल पुढे का जाते, आणि मग थांबते का? बरीच पोरं इथे अडखळतात. व्याख्या पाठ आहे, पण ती आपल्या सायकलला लागू होते हे कुणी दाखवलेलंच नसतं.

ही अडचण आजची नाही. साधारण ९० वर्षांपूर्वी वर्ध्यात काही माणसं यावरच उत्तर शोधत होती. त्यातलं एक नाव आहे विनोबा भावे.

विनोबा म्हटलं की आपल्याला भूदान आठवतं, गीताई आठवते, पवनारचा आश्रम आठवतो. पण भूदानाच्या आधी तीस वर्षं हा माणूस वर्धा जिल्ह्यात होता आणि त्यातली कित्येक वर्षं त्याच्या हातात एक गोष्ट कायम होती. टकळी.

गणितात रमणारा विनायक

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. गाव गागोदे, आताच्या रायगड जिल्ह्यातलं. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्यात होते. कापड रंगवण्याच्या शास्त्रात त्यांना रस होता आणि घरी रंगांचे प्रयोग चालायचे. आई रुक्मिणीबाई भक्तिभावाच्या. मुलानं आईकडून भक्ती घेतली आणि वडिलांकडून प्रयोग करून बघायची सवय.

शाळेत विनायकचा आवडता विषय होता गणित. शाळा मात्र त्याला फारशी मानवली नाही. आपली प्रमाणपत्रं त्यानं चुलीत टाकली हा किस्सा प्रसिद्धच आहे. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा पोरगा मध्येच सुरतला उतरला आणि थेट काशीला गेला.

काशीत त्यानं गांधीजींच्या तिथल्या गाजलेल्या भाषणाबद्दल वाचलं. मग पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटला. विनायकचा विनोबा झाला तो पुढे याच आश्रमाच्या काळात. मधलं एक वर्ष वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शिकण्यात गेलं. ते सोडलं तर त्यांचं ठिकाण आता ठरलेलं होतं.

वर्ध्यात आले ते कायमचेच

जमनालाल बजाज यांची इच्छा होती की साबरमतीसारखा एक आश्रम वर्ध्यातही असावा. गांधीजींनी त्यासाठी विनोबांना पाठवलं. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यात आले, तेव्हा त्यांचं वय होतं २५.

वर्धा म्हणजे कापसाचा मुलूख. शेजारी हिंगणघाटला तर कापसाची मोठी बाजारपेठ आणि गिरण्या. पण शेतात कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर कापड बाहेरून यायचं. कापूस आणि कापड यांच्यामध्ये जे काही घडतं, ते गावात कुणाच्या हातात उरलेलं नव्हतं.

विनोबांनी नेमकं तेच हातात घेतलं. पिंजणं, पेळू करणं, कातणं, विणणं. पण हे सगळं त्यांनी पूजाअर्चेसारखं केलं नाही. तासाला किती तार निघतात, सूत किती नंबरचं पडतं, कुठे तुटतं, का तुटतं याचा ते हिशोब ठेवत. कातण्याच्या शास्त्रावर त्यांनी एक पुस्तकही लिहिलं.

१९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडीला राहायला गेले. वस्ती मुख्यतः दलितांची. इथे त्यांनी एक अवघड प्रयोग केला. सूत कातणाऱ्या गरीब बाईला दिवसभराच्या कामाची जी मजुरी मिळते, तेवढ्यावरच आपण जगून बघायचं. म्हणून ते रोज तासन् तास कातत बसायचे.

मजुरी किती तुटपुंजी आहे ते त्यांना पोटावरच कळलं. १९३५ मध्ये गांधीजींनी चरखा संघाला कातणाऱ्यांची मजुरी वाढवायला लावली, त्या काळातली ही गोष्ट आहे.

आता मुद्द्याचं. टकळीत विज्ञान कुठे आहे?

टकळी म्हणजे काय, तर एक बारीक धातूची काडी, वरच्या टोकाला आकडा आणि खालच्या बाजूला एक गोल चकती. बस्स. पण सातवीचा अख्खा धडा या काडीत मावतो.

पहिली गोष्ट, बल. टकळी आपोआप फिरत नाही. चिमटीत धरून गिरकी दिली की फिरते. स्थिर वस्तूला गती द्यायची तर बल लागतं, हे वाक्य बोटांना कळतं.

दुसरी गोष्ट, जडत्व. बोटं सुटल्यावरही टकळी फिरतच राहते. तिला कुणी ढकलत नसतं. गती मिळालेली वस्तू, तिला कुणी अडवत नाही तोवर, गती सोडत नाही. न्यूटनचा पहिला नियम हाच.

तिसरी गोष्ट, घर्षण. मग ती थांबते का? कारण तिला अडवणारे तिघं आहेत. खालचं टोक वाटीला घासतं, आजूबाजूची हवा आडवी येते आणि पीळ बसलेला धागा उलटा जोर लावतो. सायकलच्या प्रश्नाचं उत्तरही जवळपास हेच आहे. तिथे धाग्याऐवजी रस्ता, टायर आणि बेअरिंग असतात.

चौथी गोष्ट, चकती. ती नसती तर काडी दोन-चार गिरक्यांत थांबली असती. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं फिरणं सुरू करायला जड आणि एकदा सुरू झालं की थांबवायलाही जड.

हे घरी करून बघता येतं. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या कापा. मधोमध पेन्सिलीचा तुकडा घालून भोवरे करा. एकाच्या चकतीवर दोन नाणी मध्याजवळ समोरासमोर चिकटवा, दुसऱ्याच्या चकतीवर तशीच दोन नाणी कडेला. दोन्ही सारख्या वेगानं फिरवायचा प्रयत्न करा. कडेला नाणी असलेल्याला बोटांचा जोर जास्त लागेल, पण तो जास्त वेळ फिरेल. आता एकच नाणं कडेला लावा. भोवरा लडखडेल. टकळीची चकती बरोबर मधोमध का बसवावी लागते ते कळलं.

पाचवी गोष्ट, संतुलित बल. टकळी धाग्याला लटकत असते तेव्हा गुरुत्वीय बल तिला खाली ओढतं आणि धाग्यातला ताण वर. दोन्ही सारखे असले की ती तिथेच राहते. धागा कुठे बारीक पडला की तो हा ताण सोसत नाही आणि तुटतो.

आणि सगळ्यात भारी गोष्ट शेवटी. पुस्तक वाचून पोरांना वाटतं की घर्षण म्हणजे खलनायक. पण कापसाचा एकेक तंतू असतो जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. मग त्यातून मीटरभर धागा कसा होतो? गोंद तर कुणी लावत नाही. पीळ दिल्यावर तंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात, घर्षण वाढतं आणि ते सुटत नाहीत. तुमच्या अंगातला सुती शर्ट घर्षणावर टिकून आहे.

चरखा म्हणजे पुढचा वर्ग

टकळी समजली की चरखा सोपा. मोठं चाक, बारीक चाती आणि दोघांना जोडणारी दोरी, म्हणजे माळ.

समजा चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर आहे आणि चातीवर माळ जिथे बसते तिथला व्यास १ सेंटिमीटर. चाक एकदा फिरलं की चाती ४० वेळा फिरणार. मग प्रत्येक कारखान्यानं असं चाक बसवून फुकट वेग का घेऊ नये? कारण फुकट काही मिळत नाही. वेग ४० पट वाढला की बल तितकंच कमी होतं. धाग्याला पीळ द्यायला बल थोडंच लागतं, म्हणून हा सौदा परवडतो.

चरखा बिघडला तरी शिकवतो. माळ ढिली झाली की चाक फिरतं आणि चाती जागेवरच, म्हणजे इथे घर्षण हवं. चाती जिथे टेकते तिथे मात्र तेल घालावं लागतं, म्हणजे तिथे घर्षण नको.

त्या काळात ही काही खेळण्यातली गोष्ट नव्हती. १९२९ साली चरखा संघानं चांगला चरखा बनवणाऱ्याला १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. गांधीजी येरवडा तुरुंगात असताना पेटीत मावणारा चरखा तयार झाला. त्यात एका मोठ्या चाकाऐवजी दोन चाकं ठेवून वेग दोन टप्प्यांत वाढवला जातो. जागा कमी, वेग तोच.

१९३७ ची वर्धा परिषद

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात देशभरातले शिक्षणातले लोक जमले. अध्यक्ष होते गांधीजी. त्यांची कल्पना अशी, की ७ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला सात वर्षं मोफत, सक्तीचं आणि मातृभाषेतलं शिक्षण मिळावं आणि ते एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेलं असावं.

अभ्यासक्रम बनवायला डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच झाकीर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले. समितीत काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा होते आणि विनोबाही. डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल आला. हीच वर्धा योजना, म्हणजे नई तालीम. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्यानं हे काम उभं केलं.

यात कळीचा मुद्दा एकच होता. मुलानं नुसतं सूत काढायचं नाही. प्रत्येक कृती का करायची, हे त्याला कळलं पाहिजे. हे का काढून टाकलं, तर उरते ती फक्त मजुरी.

आणि टीका झाली ती नेमकी इथेच. मुलांच्या श्रमावर शाळेचा खर्च काढायचा, म्हणजे शाळेचा कारखाना करायचा का, असा प्रश्न विचारला गेला. तो चुकीचा नव्हता. का सांगू शकेल असा शिक्षक जिथे नव्हता, तिथे टकळी म्हणजे आणखी एक कंटाळवाणा तास झाला. शिवाय पालकांना वाटायचं, की शहरातली मुलं इंग्रजी शिकणार आणि आमची सूत कातणार. ही भीती खरीच होती.

स्वातंत्र्यानंतर नई तालीम हळूहळू मागे पडली. कोठारी आयोगानं १९६६ साली कार्यानुभवाची शिफारस केली. तुमच्या-आमच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास होता तो त्यामुळेच. त्यात बहुतेकांनी कागदाची फुलं केली आणि का हा प्रश्न तिथेही राहूनच गेला.

पवनार, भूदान आणि शेवट

तब्येत खालावल्यामुळे विनोबा १९३८ मध्ये धाम नदीकाठी पवनारला आले. १७ ऑक्टोबर १९४० ला ते देशातले पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. स्वातंत्र्यानंतर इथेच त्यांनी पैशाशिवाय आणि बैलांशिवाय शेतीचा प्रयोग केला. विहिरीचा रहाट माणसांनी फिरवायचा. दांडा जितका लांब, तितका जोर कमी लागतो, पण चालावं जास्त लागतं. इथेही फुकट काही नाही.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झालं. पुढची तेरा-एक वर्षं विनोबा देशभर पायी फिरले. लाखो एकर जमीन मिळाली, पण त्यातली बरीच नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. आणीबाणीतल्या भूमिकेवरूनही त्यांच्यावर टीका झाली. १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला अन्नपाणी सोडून त्यांनी देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आलं.

मग आज याचं काय करायचं?

सेवाग्रामला नई तालीमची शाळा २००५ पासून आनंद निकेतन या नावानं पुन्हा सुरू झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय. सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन मुलांनी काम शिकावं अशी कल्पना आहे.

दहा दिवस चांगलेच आहेत. पण कुंभाराचं चाक बघून, फोटो काढून मुलं परत आली, तर ती सहल झाली. चाक हात काढल्यावरही का फिरतं आणि ते इतकं जड का केलेलं असतं, हे तिथेच विचारलं गेलं, तर तो विज्ञानाचा तास झाला.

सगळ्यांनी सूत कातायची गरज नाही. बैलगाडी, रहाट, शिलाई मशीन, हातगाडी, काहीही चालेल. घरात सहावी-सातवीतलं पोरगं असेल तर आज तो नाण्यांचा भोवरा करून बघा. उत्तर लगेच सांगू नका, आधी त्याला अंदाज करू द्या.