बाबासाहेब आणि आमच्या लेकी

परमपूज्य बाबासाहेब १८९१ साली महूला जन्मले, भीमाबाईंचं चौदावं अपत्य. आई लहानपणीच गेली. पुढे रमाईंचीही पाचातली चार लेकरं गेली. असं दुःख तेव्हा घरोघरी होतं.

१९२८ साली मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. १९२९ ला कायदा झाला. आम्हा गिरणीवाल्यांच्या आयाआज्यांना त्याचा आधार मिळाला. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला, तो पडला. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बायांना बजावलं, की मुलांना शिकवा, लग्नाची घाई नको, लेकरं मोजकीच असू द्या.

आम्ही मात्र पोरगी दहावी झाली की स्थळ बघतो. बंधूभगिनींनो, आधी तिला शिकवू, कमावती करू. जयभीम!