हैबतबाबांची चाल

गाण्याला चाल असते, माणसाला चाल असते आणि फौज शत्रूवर चाल करून जाते. तीन वेगळ्या गोष्टी, पण मराठीने त्यांच्यासाठी एकच शब्द ठेवला. या तिन्ही अर्थांनी आयुष्य जगलेला एक माणूस सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावी जन्मला. हैबतराव पवार हे त्याचे नाव. आज लाखो वारकरी त्यांना हैबतबाबा म्हणून ओळखतात.

हैबतराव ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. शिंद्यांची फौज ही त्या काळी हिंदुस्थानातली मोठी नवलाईची गोष्ट होती. महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉयन या फिरंगी सेनानीला चाकरीत घेतले आणि त्याने युरोपीय पद्धतीच्या कवायती पलटणी उभ्या केल्या. ढोलाचा ठोका पडला की शेकडो पावले एकदम उचलली जावीत, ही या पलटणींची शिकवण. उमेदीची वर्षे शिंदेशाहीत घालवलेल्या हैबतरावांच्या कानांवरून हा ठोका नक्कीच गेला असणार.

पुढची कथा वारकरी परंपरा मोठ्या प्रेमाने सांगते. चाकरीत मिळवलेले द्रव्य बरोबर घेऊन हैबतराव गावाकडे परतत होते. सातपुड्याच्या रानात लुटारूंनी त्यांना गाठले, सगळे लुबाडले आणि साथीदारांसह एका गुहेत कोंडून तोंडाशी धोंडा लावला. अंधारात हैबतरावांनी हरिपाठ सुरू केला. एकवीस दिवस तो अखंड चालला. एकविसाव्या दिवशी लुटारूंच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात त्याने गुहा उघडली, तेव्हा आत हा माणूस भजनात रंगलेला दिसला. नायकाने त्यांना सन्मानाने सोडले. हैबतराव मग आरफळला राहिले नाहीत, आळंदीला गेले आणि माउलींच्या समाधीजवळच त्यांनी उरलेले आयुष्य काढले.

पंढरीची पायी वारी त्याआधीही शेकडो वर्षे होतीच. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली तिला पालखीचे रूप दिले. तुकोबांच्या पादुका देहूहून निघत, आळंदीला ज्ञानोबांच्या पादुका त्याच पालखीत ठेवल्या जात आणि दोघे संत एकत्र पंढरीला जात. पुढच्या पिढ्यांत मात्र मानपान आणि हक्कांवरून तंटे सुरू झाले. देवाच्या वाटेवर भाऊबंदकी शिरली. हैबतबाबांनी तंट्यात बाजू न घेता वाट वेगळी केली. १८३२ च्या सुमारास आळंदीहून माउलींची स्वतंत्र पालखी निघू लागली.

पालखी काढायची तर हत्ती, घोडे, तंबू, नैवेद्य हवेत. बाबांजवळ तर टाळ-वीण्याखेरीज काही उरले नव्हते. बेळगावजवळच्या अंकलीचे सरदार शितोळे मदतीला धावले. त्यांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सोय केली. आजही दरवर्षी अंकलीहून दोन अश्व आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ माउलींसाठी रिकामी.

सरंजाम झाला. पण घोळक्याने निघालेल्या माणसांना अडीचशे किलोमीटर एकत्र ठेवायचे कसे? तरुण पुढे पळणार, म्हातारी माणसे मागे पडणार, वाटेत पाऊस, चिखल, घाट. इथे बाबांमधला जुना सरदार जागा झाला असे वाटते. त्यांनी दिंड्यांचा क्रम लावून दिला. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, वीणेकरी, मागे तुळशी वृंदावन आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे. कोणत्या प्रहरी कोणते अभंग म्हणायचे, हेही ठरले. पलटणीची ही शिस्त, पण ठोका मात्र ढोलाचा नव्हे, भजनाचा.

या दोन ठोक्यांत फरक आहे. कवायतीचा ढोल पावलाला हुकूम करतो. डावा म्हणजे डावाच. दिंडीतला आठ मात्रांचा भजनी ठेका असा धाक घालत नाही. कोणी मात्रेमात्रेला पाऊल टाकतो, कोणी दोन मात्रांना एक. उत्साही टाळकरी चार पावले पुढे जाऊन दोन मागे येतो आणि पावली खेळतो. सासवडच्या वाटेवर दिवे घाटाचा चढ लागला, रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या गेल्या, की गाणेही सावकाश होते. दम लागलेल्या माणसाला धृपद तेवढे म्हणता येते आणि पुढचा चरण शेजारी सांभाळतो. म्हणून सत्तरीची आजी आणि विशीचा नातू एकाच दिंडीत सुखाने चालू शकतात.

कानावर पडलेला ठेका पायांत का उतरतो, याचा विचार आता वैद्यकशास्त्रही करते. मेंदूचे जे भाग हालचालींची वेळ साधतात, तेच ठेका ऐकतानाही जागे होतात. पुढचा ठोका केव्हा पडेल, याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि पाऊल त्या वेळेला तयार ठेवतो. पार्किन्सनच्या आजारात हे आतले घड्याळ बिघडते. रुग्णाची पावले आखूड होतात, कधी जागच्या जागी खिळतात. अमेरिकेत मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना ठेकेदार संगीतावर चालण्याचा सराव दिला. त्यांची चाल सुधारल्याचे त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. आतले घड्याळ मंदावले, तर बाहेरचा ठेका काही काळ त्याचे काम करू शकतो. हैबतबाबांना यातले शास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण थकलेले पाऊल टाळाच्या नादाने पुन्हा उचलले जाते, हे वाटेवर त्यांनी रोज पाहिले असणार.

बाबांच्या वारीत शांततेलाही स्थान आहे. मुक्कामी पोहोचल्यावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, तेव्हा टाळांचा एकच कल्लोळ असतो. चोपदार चोप उंचावतो आणि क्षणात सारे निःशब्द होतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकतो, निवाडा होतो आणि मगच आरती होते. तंट्यांना कंटाळून ज्याने पालखी वेगळी काढली, त्याच्या वारीत भांडणाऱ्यालाही हातातले टाळ सोडावे लागत नाहीत.

१८३६ साली हैबतबाबांनी देह ठेवला. आळंदीच्या मंदिरात महाद्वाराच्या पहिल्या पायरीशी त्यांची समाधी आहे. कार्तिकी सोहळ्याचा आरंभ याच पायरीच्या पूजनाने होतो आणि आषाढीच्या पालखीबरोबर त्यांचे वंशज आजही मालक म्हणून चालतात. आता वाटेवर ध्वनिक्षेपक आले आहेत, गाड्यांचे भोंगे आहेत, गर्दी कैक पटींनी वाढली आहे. मोठ्या आवाजात मृदंग ऐकू येईनासा झाला, तर दिंडी फुटते आणि सगळ्यात आधी मागे पडते ती आजी.

यंदा पालखी तुमच्या गावावरून गेली, तर रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहा. टाळ जवळ येऊ लागतील आणि थोड्याच वेळात आपली टाच आपल्या नकळत ठेका धरू लागेल. मुलांनाही ते दाखवा आणि हा ठेका कोणी लावून दिला, ते सांगा.