गुस्टाव्ह फेक्नर यांचें चरित्र

पावसाळ्याच्या आरंभीं अर्नाळ्याच्या समुद्रावरून बोळिंजकडे ढग येऊं लागले कीं, त्यांच्या छटांमधील पुसट भेदही आपले डोळे ओळखतात. हा भेद डोळ्यांस कसा कळतो, ह्याच्या शोधांत ज्यांनीं आपली दृष्टि जवळजवळ गमाविली, त्या जर्मन शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

गुस्टाव्ह फेक्नर यांचा जन्म १९ एप्रिल १८०१ रोजीं एका खेड्यांतील पाळकाच्या घरीं झाला. ते पांच वर्षांचे असतांनाच वडील वारले. नंतर ते लाइप्झिग येथें वैद्यक शिकण्यास गेले. पुढें फ्रेंच शास्त्रीय ग्रंथांचीं भाषांतरें करून त्यांनीं चरितार्थ चालविला व १८३४ सालीं तेथेंच पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

दृष्टीचे प्रयोग करितांना ते रंगीत कांचांतून सूर्याकडे वारंवार पाहत. त्यांत अतिश्रमांची भर पडली आणि १८३९ च्या सुमारास त्यांस प्रकाश सहन होईनासा झाला. अध्यापन सुटलें, सुमारें तीन वर्षें अंधारांत काढावीं लागलीं. १८४३ च्या ऑक्टोबरांत दृष्टि परतली, तेव्हां बागेंतील फुलें त्यांस स्वयंप्रकाशी भासलीं.

एवढें सोसूनही त्यांनीं तो विषय सोडिला नाहीं. जेमतेम ओळखूं येईल इतकाच भेद असलेले दोन ढग निवडून त्यांनीं डोळ्यांपुढें काळसर कांचा धरिल्या. उजेड पुष्कळ घटला, तरी भेद दिसतच राहिला! कांचेनें दोन्ही ढगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणांत घटविला होता. यावरून, डोळा दोन प्रकाशांचें परस्परप्रमाण ओळखतो, हें सिद्ध झालें. त्यांचे गुरु वेबर यांनीं वजनांविषयीं शोधिलेला नियमही असाच होता. सामान्य उजेडांत शंभरांत एका भागाइतका फरक डोळ्यांस कळतो. म्हणूनच उन्हांतील काळी पाटी खोलींतील पांढऱ्या कागदाहून अधिक प्रकाश परतवीत असतांही काळीच दिसते.

हे विचार फेक्नर यांनीं १८६० सालीं दोन भागांच्या ग्रंथांत मांडिले. अतिमंद व अतिप्रखर उजेडांत हा नियम ढळतो, असें पुढें आढळलें. १९५३ सालीं स्टीफन कुफलर यांनीं मांजराच्या दृष्टिपटलांतील पेशी मध्यावरील उजेडाची सभोंवारच्या उजेडाशीं तुलना करितात, हें दाखविलें. १८ नोव्हेंबर १८८७ रोजीं फेक्नर लाइप्झिग येथें निवर्तले.

विद्यार्थ्यांनो, सूर्यापासून दूर असलेल्या ढगांवर हा प्रयोग तुम्हींही करून पहा. परंतु रंगीत किंवा काजळी धरलेल्या कांचेंतून सूर्याकडे कधींही पाहूं नका. ग्रहणाच्या दिवशीं मुलांच्या हातीं अशी कांच जाऊं नये, याची पालकांनींही काळजी घ्यावी. फेक्नर यांस दृष्टि पुन्हा लाभली. प्रत्येकास ती लाभेलच असें नाहीं.