परळच्या रिकाम्या ताटातून

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव निघाले की आपल्याला प्लेगची लस आठवते. लूसी विल्स आठवत नाहीत. माझ्यासारख्या इसबाच्या जुन्या रुग्णाने तरी त्यांना विसरू नये.

१८८८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लूसीबाई केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, १९२० मध्ये लंडनला डॉक्टर झाल्या आणि १९२८ मध्ये मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग होत असे. त्याचा छडा लावताना बाईंनी त्यांच्या ताटात डोकावून पाहिले. फळे, भाजीपाला जवळजवळ नव्हताच. आधी उंदीर, माकडे आणि मग रुग्ण, असे करत त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन पाहिला. पांढऱ्याफटक पडलेल्या बायका उभ्या राहिल्या. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. अर्कातला तो गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड.

पुढे अमेरिकेत लेडर्ले कंपनीत आपल्या आंध्रच्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत बनवले. पाठोपाठ त्याची तोतया भावंडेही. बँकेत आयुष्य घालवलेल्या मला हे चटकन उमगते. ही खोटी नोट! पेशी ती खरी समजून घेते आणि तिचा व्यवहार अडतो. १९४७ मध्ये बोस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना असेच एक औषध दिले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट. थोड्या मात्रेत ते उधळलेल्या प्रतिकारशक्तीला लगाम घालते. म्हणून मलमांना न जुमानणाऱ्या तीव्र इसबावर डॉक्टर ते देतात.

नेरूळच्या माझ्या घरात ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घेतली जाते. दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड: खोट्या नोटेने आलेली तूट खऱ्या नोटेने भरायची. मधूनमधून रक्ताची आणि यकृताची तपासणी. खाजेने रात्र रात्र जागणाऱ्याला सलग झोप म्हणजे काय, ते सांगून कळायचे नाही. पण वाचकहो, आठवड्याची ही गोळी चुकून रोज घेतली, तर जीव जाऊ शकतो. चिठ्ठीवरचा वार दोनदा वाचावा.

लूसीबाई उतारवयात लंडनच्या चेल्सी भागात नगरसेविका होत्या. १९६४ मध्ये त्या गेल्या. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या हातावर लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी फुकट पडते. तिच्या आणि माझ्या गोळीचे मूळ गिरणगावातल्या त्याच रिकाम्या ताटात आहे.