खड्ड्यातून सांगितलेला ग्रंथ

शम्सुल अइम्मा इमाम सरख्सी (रह.) यांचा परखड उपदेश काराखानी राज्यकर्त्याला रुचला नाही. हिजरी 466 च्या सुमारास ते उझगंद येथे बंदिवान झाले. जवळ ग्रंथ नव्हते. चरित्रकार सांगतात, शिष्य खड्ड्याच्या काठावर बसत आणि इमाम तळातून स्मरणाच्या बळावर मजकूर सांगत. हनफी फिकहचा आधारग्रंथ ‘अल-मबसूत’ असा सिद्ध झाला. आज तो 30 खंडांत छापला जातो. इबादतीचा भाग संपवताना त्यांनी स्वतःच्या अवस्थेची नोंद केली आहे. मिंबरावर उभा राहणारा मी तेथे दरवेळी थबकतो. जुम्याचे नियम इतक्या बारकाईने शिकवणाऱ्या या इमामांना जुमा आणि जमाअत दोन्हींची मनाई होती! दशकाहून अधिक काळाने सुटका झाली, तेव्हा ‘शरह अस-सियर अल-कबीर’ अपुरे होते. ते त्यांनी फरगाण्यात पूर्ण केले.