आजीच्या मशीनवरचा नंबर आणि आयझॅक सिंगर



तुमच्यापैकी अनेकांच्या घरी एक जुनं काळं शिलाई मशीन असेल. सोनेरी वेलबुट्टी, बरीचशी पुसून गेलेली. आणि त्याच्याबरोबर एक गोष्टही असेल. आमच्या घरी गोष्ट अशी, की हे मशीन पणजीच्या लग्नात, १९०५ साली आलं. मागच्या दिवाळीत माळा आवरताना ते खाली काढलं आणि म्हटलं, चला, एकदा खरंखोटं बघूया.

तुम्हालाही बघायचं असेल तर आधी हे सांगते. मशीनच्या लोखंडी पाटावर, उजव्या हाताला, खांबाच्या पायथ्याशी एक नंबर कोरलेला असतो. त्यावर वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ बसून राप चढलेला असतो. मऊ फडक्यावर मशीनचं तेल घ्या आणि हळूहळू पुसा. सँडपेपर अजिबात लावू नका, नंबरही जाईल आणि नक्षीही. खालच्या पायाच्या स्टँडवरून वय ठरवू नका, कारण स्टँड बदलले जायचे. सरकत्या पट्टीवर पेटंटच्या तारखा छापलेल्या असतात, त्यांनाही फसू नका. त्या पेटंटच्या तारखा आहेत, मशीन बनल्याच्या नव्हेत.

सिंगर कंपनीच्या १९०० पूर्वीच्या मशीनवर नुसता आकडा असतो. पुढे आकड्याआधी इंग्रजी अक्षर आलं आणि नंतर दोन अक्षरं. अक्षरावरून कारखाना कळतो. जी म्हणजे अमेरिकेतलं न्यू जर्सी. एफ किंवा वाय म्हणजे स्कॉटलंडमधलं क्लाइडबँक. कंपनीच्या नोंदवह्यांत कोणत्या वर्षी कोणत्या आकड्यांचा गट कारखान्याला दिला, ते लिहिलेलं आहे. म्हणजे विकल्याची तारीख कळत नाही, पण वर्षाचा अंदाज पक्का येतो. आमच्या मशीनवर निघालं वाय. ही मालिका १९२० नंतरची. पणजीचं लग्न झालं तेव्हा हे मशीन बनलेलंच नव्हतं!

आत्याला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण माझी झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. घरातली गोष्ट चुकीची निघाली, तर मी वर्गात सांगते ती? गेली कितीतरी वर्षं मी सहावीच्या मुलांना सांगत आले, की सिंगर नावाच्या माणसाने आपल्या बायकोला रात्र रात्र हाताने शिवताना पाहिलं, त्याला वाईट वाटलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने शिवणयंत्र शोधलं. ही गोष्ट मी काही मनाने रचलेली नाही. १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनीही सिंगरच्या पत्नीप्रेमाचा दाखला दिला होता आणि शिवणयंत्राला आपल्या टीकेतून वगळलं होतं. म्हणून मग सिंगरचं चरित्र नीट वाचायला घेतलं. वाचलं ते तुम्हालाही सांगते.

आयझॅक मेरिट सिंगरचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील जर्मनीहून आलेले, गिरण्यांची यंत्रं बांधणारे कारागीर. आईवडील वेगळे झाले. बाराव्या वर्षाच्या सुमाराला पोरगा घर सोडून रोचेस्टरला मोठ्या भावाकडे गेला. शिक्षण यथातथाच, पण यंत्रांच्या कारखान्यात हात मात्र बसला. मन रमलं नाटकात. उंचापुरा देह, दणदणीत आवाज. १८३० मध्ये कॅथरीन हेलीशी लग्न केलं, मुलंही झाली, पण हा नाटकवाल्यांबरोबर गावोगाव हिंडत राहिला आणि पुढे मेरी ॲन स्पॉन्सलर हिच्याबरोबर संसार थाटला. कॅथरीनला घटस्फोट न देताच, बरं का. १८३९ मध्ये खडक फोडण्याच्या यंत्राचं पेटंट दोन हजार डॉलरला विकलं आणि त्या पैशांत स्वतःची नाटक कंपनी काढली. ती बुडाली. मग लाकूड कोरायचं यंत्र बनवलं. न्यूयॉर्कच्या ज्या कारखान्यात ते ठेवलं होतं तिथला बॉयलर फुटला आणि यंत्राचा चुराडा झाला.

१८५० मध्ये तो बॉस्टनला ऑर्सन फेल्प्स यांच्या कारखान्यात आला तो हे कोरण्याचं यंत्र दाखवायला. फेल्प्सकडे दुसऱ्या कुणाची शिवणयंत्रं दुरुस्तीला यायची, कारण ती सतत बिघडायची. त्याला सांगण्यात आलं, की हे सुधारून दाखव. त्याचा भागीदार जॉर्ज झीबर याने पुढे जे लिहून ठेवलं त्यावरून दिसतं, की सिंगरला आधी ही कल्पना हसण्यावारी न्यावीशी वाटली. शिवणकामात बायका गप्प तरी बसतात, तेही का बंद करायचं, असा त्याचा सूर होता. शोधाचं त्याला कौतुक नव्हतं, पैसा हवा होता. बायकोच्या कष्टांचा उल्लेख कुठेच नाही. माझ्या गोष्टीला इथे टाचणी लागली.

झीबरने चाळीस डॉलर घातले आणि काम सुरू झालं. त्या दिवसांची हकीकत सिंगरनेच नंतर सांगितली आहे आणि तो नाटकवाला होता हे विसरू नका. अकरा दिवस रात्रंदिवस खपून यंत्र जुळलं. टाके मात्र सैल पडत होते. मध्यरात्री हताश होऊन दोघे घरी निघाले, वाटेत लाकडी फळ्यांच्या ढिगावर बसले, आणि तिथे लक्षात आलं की वरच्या दोऱ्याचा ताण जुळवायचाच राहिला. परत गेले, ताण दिला, पाच टाके घातले आणि टीप पक्की बसली.

या यंत्रात त्याचं काय होतं? सुई आडवी न चालता सरळ वरखाली चालते, कापड सपाट पाटावर राहतं, वरून पाय त्याला दाबून धरतो आणि खालून ते आपोआप पुढे सरकतं. पायटा दिल्याने दोन्ही हात मोकळे राहतात. तुमच्या घरातलं मशीन आजही असंच चालतं. पण टोकाशी भोक असलेली सुई आणि खाली धोट्यातला दुसरा दोरा, म्हणजे टाक्याचा जीवच, त्याचा नव्हता. त्याचं पेटंट एलियास हाऊने १८४६ मध्ये घेतलं होतं. आणि त्याच्याही आधी, १८३४ च्या सुमाराला, वॉल्टर हंटने असा टाका जमवला होता, पण पेटंट घेतलं नाही. (सेफ्टी पिन याच हंटची.) गंमत बघा, बायकोला शिवताना पाहिल्याची गोष्ट हाऊच्या घरात जास्त शोभते. तो आजारी असताना त्याची पत्नी लोकांची शिवणं शिवून घर चालवायची.

सिंगरला १२ ऑगस्ट १८५१ ला पेटंट मिळालं. हाऊने खटला भरला आणि १८५४ मध्ये सिंगरला पंधरा हजार डॉलर मोजावे लागले. १८५६ मध्ये हाऊ, सिंगर आणि आणखी दोन कंपन्यांनी भांडणं मिटवून आपली पेटंटं एकत्र केली. फेल्प्सला वाटेतच बाजूला केलं होतं. झीबरचं तर फारच वाईट झालं. तो आजारी पडला तेव्हा तू काही यातून उठत नाहीस असं त्याच्या मनावर बिंबवून सिंगरने त्याचा वाटा सहा हजार डॉलरला घेतला, असं सांगतात. झीबर जगला आणि कंपनी वाढताना बघत राहिला.

व्यवसायाची खरी बुद्धी वकील भागीदार एडवर्ड क्लार्कची. मशीनची किंमत शंभर डॉलरच्या वर, साध्या घराला परवडणार कशी? १८५६ मध्ये क्लार्कने हप्त्याने विक्री सुरू केली. थोडे पैसे आधी, बाकीचे महिन्यामहिन्याला. पुढे मुंबईत नसरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ हिंदुस्थानातला सिंगरचा कारभार पाहू लागले आणि ही हप्त्यांची पद्धत इथेही आली. आमचं मशीनही कदाचित हप्त्यावरच आलं असेल.

पैसा आला तसा सिंगरचा थाट वाढला. एकतीस माणसं बसतील अशी पिवळी बग्गी त्याने करून घेतली. १८६० मध्ये मेरी ॲनने त्याला भर रस्त्यात दुसऱ्या बाईबरोबर गाडीत पाहिलं आणि सगळं उघड्यावर आलं. न्यूयॉर्कमध्ये त्याचे एकाच वेळी वेगवेगळ्या नावांनी संसार चालू होते. पाच स्त्रिया आणि चोवीस मुलं असा हिशेब चरित्रकार मांडतात. मेरी ॲन, जिने त्याच्या दहा मुलांना जन्म दिला, हलाखीचे दिवस काढले, तिला मारहाण केल्याबद्दल त्याला अटक झाली. तो युरोपात निघून गेला. १८६३ मध्ये नवी कंपनी स्थापन झाली आणि सिंगर रोजच्या कारभारातून दूर झाला. इंग्लंडमधल्या पेंटन गावी त्याने प्रचंड वाडा बांधायला घेतला आणि तो पुरा होण्याआधीच २३ जुलै १८७५ ला वारला. आमचं मशीन ज्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, तो उभा राहिला त्यानंतर काही वर्षांनी.

यंदा सहावीला हा भाग आला तेव्हा मी मशीनच्या नंबरचा फोटो वर्गात नेला आणि आधीच्या वर्षी सांगायची ती प्रेमाची गोष्ट खोटी आहे, हे सरळ सांगून टाकलं. बायकांची सगळी कहाणी त्या वयात सांगितली नाही, पण त्याने घरच्यांना आणि भागीदारांना फसवलं एवढं सांगितलं. एका मुलीने विचारलं, बाई, मग तो वाईट माणूस होता तर त्याचं मशीन चांगलं कसं? फळ्यावर मी हंट, हाऊ, सिंगर आणि क्लार्क अशी चार नावं लिहिली होती. तिने वहीत पाचवं लिहिलं, मेरी ॲन. मी हे नाव एकदाच, ओझरतं घेतलं होतं.

आत्या आता बोलते. तिचं म्हणणं, मशीन १९२० नंतरचं असेल तर ते पणजीने लग्नानंतर स्वतः शिवणं करून घेतलं असणार. त्यासाठी ती जुन्या ट्रंकेत हप्त्याची पावती शोधते आहे.