बाबासाहेब आणि धरणाची वीज

अकलूजहून टेंभुर्णीमार्गे उजनीला गेलात तर धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे वीजघर आहे. उंचावर अडवलेले पाणी मोठ्या नळातून खाली सोडायचे, त्याच्या जोराने टर्बाइन फिरते, टर्बाइनला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते. पाणी खर्च होत नाही, ते पुढे वाहून जाते. १९८० साली पुरे झालेल्या उजनीशी बाबासाहेबांचा थेट संबंध नाही. पण एकाच धरणातून पूर, शेती आणि वीज हे तिन्ही प्रश्न सोडवायचे, हे धोरण देशात रुजवणाऱ्यांत ते आघाडीवर होते. हे पोरांना शिकवतो कोण?

सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी ज्यांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तेच बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज याच खात्याकडे होती.

१९१८ सालीच त्यांनी लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले होते की जमिनीवर माणसांचा भार फार झाला आहे, आणि त्यावर इलाज उद्योगधंदे हाच आहे. १९४३ मध्ये विजेच्या धोरणावर बोलताना त्यांनी तोच धागा पकडला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्य हटणार नाही. आम्हाला यात मोठा अर्थ दिसतो. कालव्याचे पाणी ज्याची जमीन त्याच्या उसाला मिळते. भूमिहीनाने ते कुठे न्यायचे? वीज कारखाना चालवते, तिथे सातबारा लागत नाही.

१९४३ साली दामोदरच्या पुराने बंगाल हादरला. नदी बिहारमधून येणारी, दोन्ही सरकारांची हद्द वेगळी. बाबासाहेबांनी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला परिषद घेतली आणि सगळे खोरे एक धरून योजना आखण्याचा आग्रह धरला. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. नोव्हेंबरमध्ये कटकला महानदीचा विषय घेतला. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि जलमार्ग व पाटबंधारे आयोग याच काळात उभे राहिले. १९४६ मध्ये त्यांनी खाते सोडले. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला, तेव्हा ते कायदामंत्री होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. महानदीवरील हिराकुड धरणाचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ ला झाले. दामोदर खोऱ्यातील मैथॉन त्याच वर्षी सुरू झाले.